तोलणे आणि बांधणे: ‘एसे’ या शब्दाचा प्रवास आणि मराठी निबंधाचा पुनर्विचार

१. प्रस्तावना

‘निबंध’ हा वाङ्मयप्रकार शिकताना विद्यार्थ्याला साधारणपणे दोन विधाने सांगितली जातात. पहिले विधान असे, की इंग्रजीत ज्याला ‘एसे’ म्हणतात त्यालाच मराठीत निबंध म्हणतात. दुसरे असे, की बाळशास्त्री जांभेकर, लोकहितवादी वगैरेंनी पूर्वतयारी केली, आणि १८७४ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सुरू केलेल्या ‘निबंधमाले’त मराठी निबंध प्रौढ झाला. दोन्ही विधाने परीक्षेत लिहिण्याजोगी आहेत आणि ढोबळमानाने खरीही आहेत. पण पहिले विधान आपण इतक्या सहज मान्य करतो, की त्यामुळे दुसऱ्या विधानातून काय निसटते ते दिसत नाही.

प्रस्तुत टिपणात ‘एसे’ या शब्दाचा अर्थ आणि त्याचे मूळ पाहायचे आहे. हा शब्द इंग्रजीने फ्रेंचकडून घेतला आणि इंग्रजीमार्फत त्याची कल्पना आपल्याकडे आली. येताना आपण शब्द घेतला नाही. त्याच्या जागी आपला जुना शब्द ठेवला. त्या अदलाबदलीत काय मिळाले आणि काय हरवले, हा या टिपणाचा प्रश्न आहे. शेवटी आपण एकोणिसाव्या शतकातील दोन मराठी लेखनांकडे येऊ. ती दोन्ही स्त्रियांनी लिहिली, आणि निबंधाच्या इतिहासात त्यांना फार उशिरा जागा मिळाली.

२. शब्दाचे मूळ: तराजूचा काटा

इंग्रजी ‘एसे’ हा फ्रेंच शब्दाचाच अवतार आहे. उच्चारही जवळपास तोच. फ्रेंचमधील नामाचा अर्थ ‘प्रयत्न’, ‘चाचणी’, ‘करून पाहणे’ असा आहे. हा फ्रेंच शब्द उत्तरकालीन लॅटिनमधील ‘एक्झॅजियम’ या शब्दापासून आला, आणि त्या शब्दाचा अर्थ आहे वजन करणे, तोलून पाहणे. त्याच्या मुळाशी जी लॅटिन क्रिया आहे तिच्यापासून आणखी एक शब्द निघाला: ‘एक्झामेन’. तराजूच्या दांडीच्या मधोमध असलेला काटा, असा त्याचा एक अर्थ होता. आजचा ‘एक्झाम’ हा शब्द त्यापासूनच आलेला आहे. म्हणजे परीक्षा आणि ‘एसे’ हे भाषेच्या कुळात चुलत भाऊ आहेत. परीक्षेत निबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला हे नाते ठाऊक असायला हरकत नाही.

इंग्रजीने हा फ्रेंच शब्द दोनदा घेतला. मध्ययुगात तो ‘असे’ या रूपाने आला. सोने-चांदीचा कस पाहणे, धातूत शुद्ध अंश किती आहे ते ठरवणे, असा त्याचा अर्थ होता आणि आजही आहे. म्हैसूर संस्थानातील कोलारच्या खाणींतून निघणाऱ्या खनिजाला आणि सोन्याला ज्या कसोटीतून जावे लागे, तिचे इंग्रजी नाव हेच. राजासमोर ताट ठेवण्यापूर्वी अन्न चाखून पाहण्याच्या रिवाजालाही फ्रेंच आणि इंग्रजीत हाच शब्द होता. तोच शब्द सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘एसे’ या रूपाने पुन्हा आला आणि या वेळी त्याने लेखनाच्या एका प्रकाराला नाव दिले.

धातूचा कस लावणे, अन्न चाखणे, वजन करणे, प्रयत्न करून पाहणे या चारही अर्थांत एक गोष्ट समान आहे. काम सुरू करताना निकाल माहीत नसतो. सोनाराला दागिना किती कसाचा आहे ते आधीच ठाऊक असेल, तर कसोटीच्या दगडावर रेघ ओढण्याची गरजच उरत नाही. मराठीत आपल्याकडे ‘कस’, ‘कसोटी’, ‘पारख’ हे शब्द आहेत. ‘एसे’चा मूळ अर्थ त्यांच्याइतका जवळून दुसऱ्या कोणत्या मराठी शब्दाने क्वचितच व्यक्त होईल.

३. मोंतेन: निकाल न देणारा न्यायाधीश

लेखनाला हे नाव दिले ते मिशेल द मोंतेन याने. १५३३ ते १५९२ हा त्याचा काळ. तो बोर्दो येथील न्यायसभेत न्यायाधीश होता. १५७० साली त्याने ते काम सोडले आणि आपल्या वाड्याच्या मनोऱ्यातील ग्रंथालयात बसून लिहायला सुरुवात केली. १५८० साली बोर्दोहून त्याच्या लेखनाचे दोन भाग प्रसिद्ध झाले. पुस्तकाला त्याने नाव दिले ‘एसे’, अनेकवचनी. वाङ्मयप्रकाराचे नाव म्हणून त्याला ते अभिप्रेत नव्हते. तसा प्रकारच तोवर नव्हता. ‘प्रयत्न’ किंवा ‘चाचण्या’ असे त्या शीर्षकाचे भाषांतर करता येईल. त्याने तराजूचे चित्र असलेले एक पदक पाडून घेतले होते, ही गोष्टही येथे लक्षात घेण्यासारखी आहे. आपल्याला नेमके काय ठाऊक आहे, असा प्रश्न तो स्वतःला विचारत असे आणि तराजू हे त्या प्रश्नाचे चिन्ह होते.

मोंतेनची पद्धत समजून घ्यायची तर त्याच्या लेखनाच्या आवृत्त्या पाहाव्यात. १५८८ साली तिसरा भाग आला आणि आधीच्या भागांत पुष्कळ भर पडली. त्यानंतर मरेपर्यंत तो छापील प्रतीच्या समासात लिहीत राहिला. आधीचे मत बदलले तरी जुने वाक्य तो सहसा खोडत नसे. शेजारी नवे लिहीत असे. त्यामुळे एकाच निबंधात वेगवेगळ्या वयाचा मोंतेन बोलताना दिसतो आणि ही माणसे एकमेकांशी सहमत असतातच असे नाही. आधुनिक संपादक हे तीन थर खुणा करून वेगळे दाखवतात.

त्याचा नरभक्षकांविषयीचा निबंध उदाहरणादाखल घेऊ. ब्राझीलमधील आदिवासी माणसाचे मांस खातात, ही बातमी युरोपात भयाने आणि तिरस्काराने सांगितली जात होती. मोंतेन ती नाकारत नाही. तो एका पारड्यात ती ठेवतो आणि दुसऱ्या पारड्यात आपल्या फ्रान्समधील धर्मयुद्धांत जिवंत माणसांचे झालेले हाल ठेवतो. मग वाचकाला काटा पाहायला लावतो. जे आपल्या रिवाजात बसत नाही त्यालाच आपण रानटी म्हणतो, हे त्याचे निरीक्षण या तोलण्यातून निघालेले आहे. ते सुरुवातीला सिद्धान्त म्हणून मांडलेले नाही.

४. इंग्रजीत आल्यावर

फ्रान्सिस बेकनने १५९७ साली दहा छोट्या लेखांचे पुस्तक ‘एसेज’ या नावाने काढले. १६२५ पर्यंत त्यांची संख्या ५८ झाली. १६०३ साली जॉन फ्लोरिओने मोंतेनचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. शब्द एकच, पण बेकनचा स्वभाव वेगळा. त्याची वाक्ये आटोपशीर, सूत्रासारखी. ती पाठ करता येतात. मोंतेन शंका घेतो, बेकन सल्ला देतो. अठराव्या शतकात ॲडिसन आणि स्टील यांनी ‘स्पेक्टेटर’मधून (१७११) हा प्रकार नियतकालिकात आणला. सॅम्युअल जॉन्सनने आपल्या १७५५ च्या कोशात ‘एसे’चा अर्थ देताना त्याच्या सैलपणावर आणि अनियमितपणावर बोट ठेवले, स्वतः मात्र भारदस्त, घडीव निबंध लिहिले. एकोणिसाव्या शतकात मेकॉलेच्या हाती ‘एसे’ म्हणजे वकिली थाटाचा, विरोधकाला निरुत्तर करणारा दीर्घ लेख झाला.

मराठी माणसाला इंग्रजी महाविद्यालयांतून जो ‘एसे’ भेटला तो या उत्तरार्धातला होता. बेकन, ॲडिसन, जॉन्सन, मेकॉले हे त्याचे आदर्श होते. मोंतेनचा तराजू तोवर बराच मागे पडला होता.

५. निबंध, प्रबंध, उपन्यास: म्हैसूरहून पाहताना

आता आपल्या शब्दाकडे येऊ. ‘निबंध’ म्हणजे नीट बांधलेले. संस्कृतात धर्मशास्त्राच्या संकलनग्रंथांना निबंध म्हणत. लक्ष्मीधराचा ‘कृत्यकल्पतरु’ बाराव्या शतकातला. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, याचा ‘चतुर्वर्गचिंतामणि’ तेराव्या शतकातला. कमलाकर भट्टाचा ‘निर्णयसिंधु’ १६१२ चा. स्मृती, पुराणे आणि टीका यांतील विखुरलेली वचने एकत्र करायची, त्यांतील विरोधाचा परिहार करायचा आणि निर्णय द्यायचा, हे निबंधकाराचे काम होते. ते सोपे नव्हते. वचनांचा तोल पाहण्याचे कामही त्यात होतेच. मात्र पारड्यात घालायची वजने ठरलेली होती: श्रुती, स्मृती, शिष्टाचार. निबंधकाराला स्वतः काय दिसले, काय सोसावे लागले, याला तेथे वजन नव्हते.

‘एसे’साठी शब्द निवडताना भारतीय भाषांनी एकच वाट धरली नाही, हे म्हैसूरसारख्या गावात सहज ध्यानात येते. १९६९ साली येथे भारतीय भाषा संस्थान स्थापन झाले आणि तेव्हापासून अनेक भाषांचे अभ्यासक एकत्र बसून पारिभाषिक शब्दांवर वाद घालत आले आहेत. मराठी विद्यार्थ्याने येथे ‘प्रबंध’ म्हटले तर त्याच्या मनात पीएच. डी.चा जाडजूड ग्रंथ असतो. कन्नड विद्यार्थ्याच्या ‘प्रबंधा’चा अर्थ निबंध, ललित निबंध म्हणजे ‘ललित प्रबंध’. बंगालीतही प्रबंध म्हणजे निबंधच. तमिळ माणसाला ‘प्रबंधम्’ म्हटल्यावर आळवारांची भक्तिपदे आठवतात. हिंदीत प्रबंध म्हणजे व्यवस्था. ‘उपन्यास’ या शब्दाची गंमत याहून मोठी. हिंदी आणि बंगालीत ती कादंबरी, कन्नडमध्ये व्याख्यान, आणि मल्याळममध्ये चक्क निबंध.

यावरून दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे ‘एसे’ला ‘निबंध’ हा प्रतिशब्द काही अटळ नव्हता. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. कन्नड, मराठी, हिंदी, बंगाली या भाषांनी निबंध किंवा प्रबंध यांपैकी काहीही निवडले, तरी त्यात ‘बंध’ हा घटक आहे. बांधणे, रचणे, व्यवस्था लावणे ही कल्पना आपण पुढे ठेवली. चाखणे, तोलणे, करून पाहणे ही कल्पना मागे राहिली.

अर्थात शब्दामुळे लेखकांचे हात बांधले गेले नाहीत. म्हैसूरलाच इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एन. मूर्तिराव यांचा ‘हगलुगनसुगळु’ (१९३७), म्हणजे ‘दिवास्वप्ने’, हा कन्नड ललित प्रबंधांचा संग्रह किंवा याच गावात राहिलेल्या आर. के. नारायण यांचा ‘नेक्स्ट संडे’ (१९६०) हा इंग्रजी निबंधांचा संग्रह पाहा. रोजच्या जगण्यातील लहानशी गोष्ट हातात घेऊन तिचे वजन किती भरते ते पाहण्याची वृत्ती तेथे दिसते. पण हे लेखन पाठ्यपुस्तकात ‘हलकेफुलके’ म्हणून वेगळ्या खणात ठेवले जाते. ‘खरा’ निबंध म्हणजे वैचारिक, मुद्देसूद, बांधीव, ही समजूत तशीच राहते.

६. ‘निबंधमाला’: बांधणीचे सामर्थ्य आणि मर्यादा

‘निबंधमाला’ हे मासिक चिपळूणकरांनी जवळजवळ एकहाती लिहिले. सुमारे सात वर्षांत त्याचे ८४ अंक निघाले. ‘मराठी भाषेची सांप्रतची स्थिती’ या निबंधाने सुरुवात झाली आणि ‘आमच्या देशाची स्थिती’ या निबंधाने शेवट. हा शेवटचा निबंध पुढे इंग्रज सरकारने जप्त केला, यावरून त्याची धार कळावी. ‘विद्वत्त्व आणि कवित्व’, ‘भाषापद्धती’, ‘भाषांतर’, ‘लोकभ्रम’, ‘गर्व’ हे विषय पाहिले तरी आवाका लक्षात येतो. जॉन्सनवर त्यांनी विस्ताराने लिहिले. जॉन्सनच्या ‘रासेलस’चे वडिलांनी, कृष्णशास्त्र्यांनी, हाती घेतलेले भाषांतर त्यांनीच पुरे केले. मेकॉलेचा आदर्श त्यांच्यापुढे होता, हे त्यांच्या वाक्यरचनेवरूनही कळते.

चिपळूणकरांचे ऋण मोठे आहे. मराठी गद्याला लांब पल्ल्याचा युक्तिवाद पेलता येतो, हे त्यांनी दाखवून दिले. उपहास, उपरोध, उदाहरणे, प्रश्नांची सरबत्ती ही सगळी आयुधे त्यांच्या हाती सहज फिरतात. इंग्रजी शिकलेल्या पिढीला स्वभाषेची लाज वाटत असताना त्यांनी तिला ताठ मानेने लिहायला शिकवले.

पण ‘एसे’च्या मूळ अर्थाने पाहिले तर ‘निबंधमाले’त तोलणे कमी आणि बाजू मांडणे अधिक आहे. निबंध सुरू होताना निर्णय झालेला असतो. पुढची पाने तो निर्णय वाचकाच्या गळी उतरवण्यासाठी असतात. याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे जोतीराव फुले यांच्या लेखनावरील टीका. फुल्यांच्या भाषेची अशुद्धता, व्याकरणाच्या चुका यांची चिपळूणकर मनसोक्त खिल्ली उडवतात. फुल्यांनी विचारलेला प्रश्न मात्र पारड्यात पडतच नाही. भाषा नीट बांधलेली नाही म्हणून विचारही हलका, असे हे गणित आहे. बांधणी हाच निबंधाचा मुख्य गुण मानला की असे होऊ शकते.

७. तोलणारे लेखन: मुक्ता आणि ताराबाई

‘निबंधमाला’ सुरू होण्याच्या १९ वर्षे आधी, १८५५ साली, ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात एका विद्यार्थिनीचा निबंध छापून आला. तिचे नाव मुक्ता. मुक्ता साळवे म्हणून आपण तिला ओळखतो. पुण्यातील फुले दांपत्याच्या शाळेत शिकणारी ही मांग समाजातील मुलगी तेव्हा साधारण चौदा वर्षांची होती. विषय होता मांग-महारांचे दुःख.

या निबंधात प्रस्तावना, मुद्दे, समारोप अशी आखणी शोधायला गेलो तर हाती फारसे लागणार नाही. पण तर्क पाहा. वेद ब्राह्मणांचेच असतील आणि आम्हाला ते पाहण्याचाही अधिकार नसेल, तर आम्हाला धर्मग्रंथच नाही. आणि ग्रंथ नाही तर आमचा धर्म कोणता, असे ती विचारते. समोरच्याचेच वजन उचलून तिने पारड्यात टाकले आहे. त्यानंतर ती पेशवाईतील अत्याचार सांगते आणि बाळंत होताना डोक्यावर छप्पर नसलेल्या बायकांचे हाल सांगते. पुढे ती आणखी एक गोष्ट करते, जी मला फार महत्त्वाची वाटते. महारही मांगांना आपल्याहून हलके मानतात, त्यांचा विटाळ मानतात, हेही ती लपवत नाही. दुःख सोसणाऱ्यांतही उतरंड आहे, हे चौदा वर्षांच्या मुलीने लिहून ठेवले. स्वतःची बाजूही काट्याखालून सुटू नये, ही निबंधकाराची खरी कसोटी; ती येथे उतरलेली आहे.

दुसरे लेखन १८८२ चे. त्याच वर्षी चिपळूणकरांचे निधन झाले. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी लिहिलेले हे छोटे पुस्तक पुण्यात छापले गेले. त्यामागे एक खटला होता. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला नवजात मुलाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती काळ्या पाण्यावर आली. वर्तमानपत्रांत विधवांच्या, आणि एकूणच स्त्रियांच्या, अनीतीवर ताशेरे झडू लागले. ताराबाईंनी उत्तर लिहिले आणि त्याला नाव दिले ‘स्त्रीपुरुषतुलना’.

हे नाव नीट वाचा. ‘तुलना’ हा शब्द ‘तुला’ या शब्दापासून आला आहे आणि तुला म्हणजे तराजू. लॅटिनमध्ये ‘एक्झॅजियम’चा जो अर्थ, तोच ‘तुलना’चा. ताराबाईंच्या मनात फ्रेंच शब्द असण्याचे काही कारण नाही. मोंतेन त्यांना माहीत होता असे सुचवण्याचाही हेतू नाही. पण मराठीत ‘एसे’च्या मूळ अर्थाशी तंतोतंत जुळणारे शीर्षक कोणाचे, असे विचारले तर उत्तर हेच द्यावे लागेल.

शीर्षकाप्रमाणेच पद्धतही आहे. सुभाषितकारांनी आणि शास्त्रकारांनी स्त्रियांवर ठेवलेले आरोप ताराबाई एकेक करून घेतात: साहसी, कपटी, अविचारी, संशयी. प्रत्येक आरोप त्या एका पारड्यात ठेवतात आणि विचारतात, हाच दुर्गुण पुरुषांत किती? मग पुराणांतील देव आणि ऋषी, राजे, आणि आपल्या काळातील सुशिक्षित सुधारक दुसऱ्या पारड्यात येऊन बसतात. तेव्हाच्या कादंबऱ्या आणि नाटके यांतील स्त्रियांची चित्रेही त्या तपासतात. वाङ्मयीन टीका म्हणूनही हा भाग वाचण्यासारखा आहे. भाषा बोलीच्या अंगाने जाते, वाक्ये धावतात, मध्येच संताप उसळतो, मध्येच विनोद. ‘निबंधमाले’च्या मापाने ही बांधणी सैल आहे. मोंतेनच्या मापाने मात्र ती ओळखीची वाटते.

या पुस्तकाचे पुढे काय झाले? फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये (१८८५) ताराबाईंची बाजू घेतली. त्यानंतर पुस्तक विस्मृतीत गेले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले, तेव्हा मराठी वाचकांना ते नव्याने भेटले. मधल्या नव्वदहून अधिक वर्षांत मराठी निबंधाचे इतिहास लिहिले जात होते, अभ्यासक्रम ठरत होते. मुक्तेचा निबंध सामाजिक इतिहासाचा दस्तऐवज ठरला, ताराबाईंचे पुस्तक स्त्रीमुक्तीचा दस्तऐवज ठरले. निबंध म्हणून त्यांचे मोल कोणी फारसे केले नाही. याचे मोठे कारण अर्थातच जात आणि स्त्रीत्व हे आहे. पण एक कारण वाङ्मयीनही आहे. निबंध म्हणजे बांधीव, संस्कृतप्रचुर, अधिकारवाणीने केलेले प्रतिपादन, हे माप एकदा ठरल्यावर ही दोन लेखने त्या मापात बसणारच नव्हती.

८. दोन आक्षेप

या विवेचनावर दोन आक्षेप घेता येतील आणि विद्यार्थ्यांनी ते घ्यावेत.

पहिला आक्षेप असा: शब्दाच्या व्युत्पत्तीवरून वाङ्मयप्रकाराचे स्वरूप ठरवता येते का? ‘कादंबरी’ हा शब्द बाणभट्टाच्या नायिकेवरून आला, म्हणून प्रत्येक कादंबरीत गंधर्वकन्या असावी असे आपण म्हणत नाही. आक्षेप योग्य आहे. व्युत्पत्ती म्हणजे कायदा नव्हे. शब्दाचा अर्थ वापराने ठरतो. येथे व्युत्पत्तीचा उपयोग मर्यादित आहे. रूढ व्याख्येने जे झाकले गेले ते पाहण्यासाठी ती एक दिवा देते. दिव्याच्या उजेडात जे दिसले ते खरे आहे की नाही, हे मुक्ता आणि ताराबाई यांचे लेखन वाचूनच ठरवायचे आहे.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. ताराबाई संतापलेल्या आहेत. मग त्यांच्या लेखनाला तोलणे कसे म्हणावे? चिपळूणकरांना एकांगी म्हणायचे आणि ताराबाईंना मोकळे सोडायचे, हा पक्षपात नाही का? याचे उत्तर असे देता येईल. तोलणे म्हणजे तटस्थ राहणे नव्हे. दुकानदाराने एका पारड्याखाली आधीच वजन चिकटवून ठेवले असेल, तर तो काटा खोटा आहे हे ओरडून सांगणे हाही वजन करण्याचाच भाग झाला. ताराबाईंच्या समोरचा तराजू असा होता. त्यांच्या संतापामुळे पुरावा झाकला गेला आहे का, हे तपासावे; संताप आहे म्हणून पुरावाच नाही, असे म्हणू नये. काही ठिकाणी त्या सरसकट विधाने करतात, हे मात्र मान्य केले पाहिजे. तेथे त्यांच्यावर तीच टीका करावी जी आपण चिपळूणकरांवर केली.

९. पुढचा प्रवास: ‘गुजगोष्ट’ ते ‘परिपूर्ती’

विसाव्या शतकात मराठीला ‘निबंध’ हा शब्द अपुरा वाटू लागला, याची खूण नव्या नावांत दिसते. ना. सी. फडके यांनी ‘गुजगोष्ट’ म्हटले, पुढे ‘लघुनिबंध’ रूढ झाला, नंतर ‘ललित निबंध’. अनंत काणेकरांचा ‘पिकली पाने’ (१९३४), वि. स. खांडेकरांचा ‘वायुलहरी’ (१९३६) हे या वळणावरचे संग्रह. ‘मी’ला निबंधात जागा मिळाली, ही मोठी गोष्ट झाली. पण लवकरच या ‘मी’चाही साचा बनला: एखादी क्षुल्लक वस्तू, थोडी गंमत, शेवटी एक गोड विचार.

साचा मोडणाऱ्यांत इरावती कर्वे यांचे नाव आवर्जून घ्यावे लागते. ‘परिपूर्ती’ (१९४९) या त्यांच्या संग्रहातील त्याच नावाचा लेख वाचा. एका समारंभात लेखिकेची ओळख महर्षी कर्व्यांची सून, अमुक यांची पत्नी अशी करून दिली जाते. ओळख पुरी झाली तरी काहीतरी राहिले, असे तिला वाटत राहते. पुढे रस्त्यात शाळकरी मुले तिला आपल्या वर्गातल्या मुलाची आई म्हणून ओळखतात आणि परिपूर्ती होते. मानवशास्त्रज्ञ म्हणून नाव मिळवलेल्या बाईने हे लिहिले आहे. हे समाधान आहे, की नात्यांपलीकडे स्त्रीला ओळखच न देणाऱ्या समाजावरचा शांत टोमणा? लेखिका काटा हातात धरते आणि वाचकाला पाहू देते. बांधणी कसलेली आहे, तरी निकाल आधी ठरलेला नाही. बांधणे आणि तोलणे यांचे वैर असलेच पाहिजे असे नाही, हे या लेखातून शिकता येते.

१०. समारोप

शाळेत आपण ‘मावळत्या सूर्याचे मनोगत’ आणि ‘पाऊस पडला नाही तर’ असे निबंध लिहून मोठे झालो. आरंभ, मध्य, शेवट ठरलेले, सुविचार ठरलेला, मतही ठरलेले. महाविद्यालयात आल्यावर विषय बदलतात, सवय बदलत नाही. या सवयीला ‘एसे’ या शब्दाचा इतिहास एक प्रश्न विचारतो: लिहायला बसण्यापूर्वी जे ठाऊक होते त्याहून वेगळे काही लिहून झाल्यावर कळले का? कळले नसेल तर बांधणी कितीही नेटकी असो, तो कस लावण्याआधीच ठरवलेला भाव आहे.

१८५५ साली एका मुलीने शाळेत शिकलेल्या लिहिण्याचा उपयोग आपला धर्म कोणता हे विचारण्यासाठी केला. मराठी निबंधाचा इतिहास सांगताना तिच्या निबंधाला पूर्वतयारीत ढकलू नये. सुरुवातीच्या पानावर तिचा हक्क आहे. ‘निबंधमाला’ त्या पानावरून जाण्याचे कारण नाही. तेथे दोघांना पुरेल इतकी जागा आहे, आणि दोघांना शेजारी ठेवले तरच त्यांचे खरे वजन कळेल.

विचारासाठी प्रश्न

१. आपल्या मातृभाषेत ‘एसे’साठी कोणता शब्द आहे? त्याच्या मुळाशी बांधणे, मांडणे, तोलणे यांपैकी कोणती कल्पना आहे?

२. ‘निबंधमाले’तील कोणताही एक निबंध आणि ‘स्त्रीपुरुषतुलना’ यांतील युक्तिवादाची पद्धत उदाहरणे देऊन स्पष्ट करा. चिपळूणकर विरोधी मताला खरोखर पारड्यात घेतात असे एखादे स्थळ तुम्हाला सापडते का?

३. मुक्ता साळवे यांचा निबंध ‘दस्तऐवज’ म्हणून वाचणे आणि ‘निबंध’ म्हणून वाचणे यांत काय फरक पडतो?

४. ‘परिपूर्ती’ या लेखाचा शेवट तुम्हाला समाधानाचा वाटतो की उपरोधाचा? आपले मत लिहा, आणि त्याविरुद्ध जाणारा एक पुरावाही द्या.